निषिद्ध नात्यात येत नाही

"एका ओळीसाठी? एका ओळीसाठी अडवून धरलंयस सगळं?"

रमाकांतने कागद टेबलावर आपटला. कागदाचा काय आवाज येणार, म्हणून वरून हातही आपटला. लोणच्याच्या बरणीवरचं झाकण हललं.

लतिका ओट्याशी कोलंबी सोलत उभी होती. मागे न वळता म्हणाली, "ओरडून उपयोग नाही. ही आता चाळ नाही. एकोणिसाव्या मजल्यावर मध्ये पडायला कोणी येत नाही."

"विषय बदलू नकोस."

"नाही बदलत. ती ओळ मोठ्याने वाचा. खरी असेल तर ओले हात पुसून आत्ता सही करते."

"मला वाचता येतं."

"मग वाचा ना."

त्याने वाचली नाही. 'आम्ही उभयता कायद्याने निषिद्ध ठरवलेल्या नात्यात येत नाही.' बारा ओळींच्या प्रतिज्ञापत्रातली ही आठवी ओळ.

प्रतिज्ञापत्र लतिकानेच टाइप केलं होतं, परवा दुपारी, दुकानात. वॉर्ड ऑफिससमोर बाबुरावांचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे, तिथे ती बावीस वर्षं हेच काम करत होती. लग्ननोंदणीचे अर्ज, नाव बदलल्याची कागदपत्रं, हरवलेल्या दाखल्यांची प्रतिज्ञापत्रं. ही ओळ तिने इतक्यांदा मारली होती की बोटं आपोआप चालत. परवा वधूच्या जागी स्वतःचं नाव घातलं, वराच्या जागी रमाकांतचं, आणि आठव्या ओळीशी हात थांबला. रमाकांत घाडीगावकर तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. ती त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. नात्यात येत नाही म्हणे!

लग्नाला एकतीस वर्षं झाली, दाखला कधी लागला नव्हता. आता लागला, कारण पूर्वी, त्यांची एकुलती एक मुलगी, जर्मनीत बाळंत होणार होती. एप्रिलअखेरची तारीख. व्हिसाच्या एजंटने सांगितलं, नवराबायको एकत्र जाणार असाल तर लग्नाचा दाखला जोडा. आणि फेब्रुवारी अर्धा सरला होता.

"काय ता लिही आणि मोकळी हो गो," दिवाणावरून आत्या म्हणाली. ब्याऐंशी वर्षांची, पाय सुजून खांबासारखे झालेले, पण कान शाबूत. टीव्हीवरच्या मालिकेचा आवाज तिने भांडण नीट ऐकू यावं म्हणून मघाशीच बंद केला होता.

"बघ, आईसुद्धा तेच सांगते," रमाकांत म्हणाला.

"आत्या, मी कोण तुझी?"

"भाची. आणि सून. ह्या काय इचारूचा झाला?"

"तेवढंच लिहायचंय मला."

काल ती रस्ता ओलांडून समोरच्या कचेरीत विचारून आली होती. खिडकीमागच्या पोरगेल्या कारकुनाने तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, तुम्हीच लोकांना समजावता, आणि तुम्हीच असं?" मग तो जरा ओशाळला आणि नीट बोलला. खरं लिहा, काही बिघडत नाही. कायद्यातच म्हटलंय, दोघांकडे तशी रूढी असेल तर मामाच्या मुलीशी झालेलं लग्न चालतं. फक्त रूढी आहे हे दाखवायला लागेल. समाजातल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आणा. मग फाइल वर विधी खात्याकडे जाईल. किती दिवस? "मे धरा. जून धरा." म्हणजे लग्न पक्कं होतं, खरं बोलायलाच तेवढा वेळ लागणार होता.

"मे धरा म्हणजे पोरीचं बाळंतपण आटपून बारसं होईल," रमाकांत आता टेबलाभोवती फिरायला लागला होता. "लोक काय काय खोटं लिहितात. वय खोटं लिहितात, पत्ता खोटा लिहितात. तुला हीच ओळ सापडली हरिश्चंद्र व्हायला?"

लतिकाने कोलंबीचा काळा दोरा ओढून काढला. हरिश्चंद्र वगैरे ती नव्हतीच. वीजबिलावर अजून मेलेल्या सासऱ्यांचं नाव होतं आणि त्यांच्या सह्या तीच मारत होती. राग वेगळाच होता, आणि तो सांगायला बसलं तर कुठून सुरू करायचं हेच तिला कळत नव्हतं.

तिचे वडील नाना आणि आत्या, दोघंच भावंडं. नाना लालबागच्या चाळीत तळमजल्यावर, आत्या तिसऱ्या मजल्यावर. दोन्ही घरांचं गाव कणकवलीकडचं. लतिका बावीस वर्षांची असताना आत्या एका संध्याकाळी जिना उतरून आली, चहा घेतला आणि म्हणाली, "रमाकांताचा बघूक होया आता. घरचा चेडू असताना भायर कित्याक जाव?" घरचा चेडू म्हणजे घरची मुलगी, लतिका. आई स्वयंपाकघरात होती. नाना हसले. ठरलं. लतिका दादरला टायपिंगच्या क्लासला गेली होती; परत आली तेव्हा चाळीतल्या बायका तिच्याकडे बघून हसत होत्या, आणि तिला वाटलं, परकर खालून दिसतोय.

तोवर ती त्याला रमादादा म्हणायची. लग्नाच्या आदल्या आठवड्यात आई म्हणाली, "आता दादा म्हणू नको हां, बरं दिसत नाही." तिने दादा सोडलं, पण त्या जागी दुसरं काही जमेना. मग 'अहो' सुरू झालं, ते अजून चालू होतं.

आणि मग सुरू झालं 'घरचीच'. घरचीच पोर, तिला बघण्याचा कार्यक्रम कशाला. घरचीच, तिला मानपान कसला. घरचीच आहे, पाहुणे आले तर ती जमिनीवर झोपेल. इतर बायका रुसून माहेरी जात. लतिकाचं माहेर तीन जिने खाली, आणि तिथेही त्याच घरचा माणूस बसलेला. एकदा रडत खाली गेली तर नाना वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "ती माझी बहीण आहे, लते. तिच्याबद्दल माझ्याजवळ काही बोलू नको." सासू म्हणून भांडावं तर ती आत्या. आत्या म्हणून हट्ट करावा तर ती सासू. दोन्हीकडून दार बंद.

लेक पूर्वी कॉलेजात असताना लतिकाच्या वहिनीने आपल्या मुलासाठी थट्टेत म्हटलं होतं, "आमच्या उन्मेषला द्या तुमची पूर्वी, घरातल्या घरात." आत्या केवढी उखडली! "वेल परत फिरवतंस? भाची आत्याच्या घराक येता, आत्याचा चेडू मामाच्या घराक जाणा नाय." रक्त तेच, अंतर तेच. एका दिशेने गेलं की रूढी, उलट आलं की पाप. लतिकाने तेव्हा विचारलं होतं, असं का? आत्या म्हणाली, "असा म्हणान असा."

दुकानात मात्र तिला या 'असा'चे शंभर प्रकार बघायला मिळाले. नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांच्या कायद्याला मागे एक यादी जोडलेली आहे, पुरुषाने कुणाशी लग्न करायचं नाही याची. सदतीस नाती. आई, आजी, पणजी, आजोबांची विधवा. जोडपी ती वाचून खिदळत. "ताई, पणजीशी लग्न करायला कोण निघालं होतं?" ती म्हणे, "हसू नका, शेवटची चार बघा." शेवटची चार म्हणजे चुलतबहीण, आतेबहीण, मावसबहीण, मामेबहीण. तिथे काहींचं हसू थांबे.

परळचा राजरत्न आणि त्याची नम्रता अशीच थांबली होती. नम्रता त्याच्या मामाची मुलगी. भटजी नको, होमहवन नको, सरळ सही करून मोकळं व्हायचं म्हणून आलेली. "आमच्यात चालतं ताई, माझ्या आज्यानेही मामाचीच केली." तिने समजावलं, या कायद्यात तुमच्या समाजात चालून भागत नाही, सरकारने ती रूढी गॅझेटात छापलेली लागते. शेवटी त्यांनी विहारात लग्न लावलं आणि नोंदणी केली हिंदू विवाह कायद्याखाली, कारण तिथे बौद्धही येतात आणि रूढीलाही जागा आहे. राजरत्न पेढे द्यायला आला तेव्हा म्हणाला, "ताई, मुक्काम चुकवून निघालो होतो, गाडीने तिथेच आणून सोडलं."

शीव कोळीवाड्याजवळची एक तमिळ मुलगी आली होती, तिचा नवरा तिचा सख्खा मामा. लतिकाच्या अंगावर काटा आला, आणि ती मुलगी तर मजेत, "आक्का, आमच्यात मामाचा पहिला हक्क असतो." माहीमच्या एका डिसोझाबाईंना चुलतभावाशी लग्न करायला चर्चची खास परवानगी आणावी लागली होती. शेजारच्या झेरॉक्सवाल्या यास्मिनला तर कळेचना, यात विचारायचं काय. त्यांच्यात चुलतभाऊ हे पहिलं स्थळ. आणि गिरगावातल्या एक जोशीबाई म्हणाल्या, "आम्ही कोकणस्थ, आमच्यात अजिबात नाही. कऱ्हाड्यांत चालतं," आणि 'कऱ्हाड्यांत' म्हणताना त्यांनी नाक मुरडलं.

बाबुराव दुकान टाकण्याआधी कोर्टात नोकरीला होते, त्यामुळे त्यांना सगळं माहीत असे. ते म्हणत, "लतिकाबाई, कायदा आधी नव्हताच. आधी शेत होतं. उत्तरेकडे मुलगी लांब द्यायची, नवे सोयरे जोडायचे, म्हणून गावातली प्रत्येक पोर बहीण. आपल्याकडे आणि खाली दक्षिणेत मुलगी ओळखीच्या घरात, जमीन आणि माणसं जवळ. चुलत मात्र नको, एकाच घरची. कुणाकडे चुलतच आधी, घरचं घरात. ज्याला जे सोयीचं ते त्याने देवाच्या नावाने लिहिलं. सरकार आलं, त्याने सगळं गोळा केलं आणि खाली एक ओळ टाकली, रूढी असेल ते सोडून."

"आणि ज्या पोरीला द्यायचं तिची सोय?" लतिकाने विचारलं होतं.

बाबुराव हसून म्हणाले, "त्याचा रकाना नाही."

मोबाइल वाजला. पूर्वीचा व्हिडिओ कॉल. रमाकांतने झडप घालून घेतला, वकील मिळाल्यासारखा. "घे, तूच सांग आता तुझ्या आईला."

पूर्वीचा चेहरा सुजला होता, केस वर बांधलेले. "आई, अगं नाही लिहून टाक ना यार. इथे तर हा इश्यूच नाहीये. इथल्या कायद्यात कझिन वगैरे बसतच नाहीत, फक्त सख्खे भाऊबहीण आणि आईबाप नको. इथे तुम्ही एकदम लीगल आहात."

"तिथे लीगल, इथे रूढी. मग लपवायचं कुणापासून?"

"टाइम वाचतो म्हणून गं! मला भीती वाटते आई. तू नसलीस तर मी काय करू? ते सगळे चांगले आहेत पण कोणी माझं डोकं चोळणार नाहीये."

"मी येते. तारखेच्या आधी येते. तू जेवलीस का?"

"बघ! येते म्हणाली!" रमाकांत म्हणाला. फोन ठेवून त्याने पेन उघडलं आणि ओट्यावर, कोलंबीच्या सालांशेजारी ठेवलं. "झालं ना? कर सही."

तिने पेनाकडे पाहिलं.

"अहो, एक सांगा. नातं होतं म्हणून लग्न केलंत ना? नातं होतं म्हणून मला कोणी विचारलं नाही. नातं होतं म्हणून एकतीस वर्षं घरचीच म्हणून वापरलीत. आणि आता लग्न दाखवायचं तर नातं नव्हतं म्हणून लिहायचं?"

"वापरली म्हणजे? काय कमी केलं तुला? दारू पितो मी? हात उचलला कधी?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही वाईट नाही. तुम्हाला 'नाही' म्हणणं सोपं जातं, एवढंच. एकदा म्हणालात ना."

रमाकांतचा हात टेबलाच्या कडेवर तसाच राहिला. "मनूचं काढू नकोस."

"मी नाव घेतलं नाही. तुम्ही घेतलंत."

मनू त्यांचा पहिला मुलगा. अकरा महिने जगला. सहाव्या महिन्यात पांढराफटक पडायला लागला म्हणून परळच्या हॉस्पिटलात नेला. लतिका बाहेर बाकावर त्याला मांडीवर घेऊन बसली होती. आत रमाकांत आणि आत्या गेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, नात्यात लग्न आहे का? रमाकांत म्हणाला, नाही. पुढे अडीच महिने टॉनिकं आणि इंजेक्शनं झाली. मग एका दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी लतिकालाच विचारलं आणि तिने सरळ सांगितलं, हे माझ्या आत्याचे चिरंजीव. बाईंनी पेन खाली ठेवलं. रक्ताचा आजार होता, दोघांकडून आलेला. बाई म्हणाल्या, आधी कळलं असतं तर तपासण्या आधी झाल्या असत्या. वाचला असता असं मी म्हणत नाही.

'असं मी म्हणत नाही' हे वाक्य लतिकाने सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं उलटसुलट करून पाहिलं होतं. घरात ते कोणी उच्चारलं नव्हतं.

"मी घाबरलो होतो," रमाकांत म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "तीस वर्षांचा होतो मी. ते असं बघत होते, जणू काही आम्ही..."

"तेका बोलू नको," दिवाणावरून आत्या म्हणाली. "मीयाच सांगलंय तेका. डॉक्टराक नाय म्हणान सांग."

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"भायर आमचे लोक बसलेले. तुझ्या आवशीच्या माहेरचे होते. म्हटले असते, भावाचा चेडू हट्टान आणलान आणि पोर असा झाला. माझ्यार इला असता सगळा." आत्या पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "माका काय ठावक, विचारतत ता औषधासाठी विचारतत."

एवढं बोलून तिने रिमोट उचलला. पण टीव्ही लावला नाही, नुसता हातात धरून बसली.

लतिकाला वाटलं होतं, हे कधी कळलं तर आपण किंचाळू, भांडी फेकू. तसं काही झालं नाही. खूप वर्षं अडकलेला काटा निघावा आणि जागा दुखतच राहावी, तसं काहीतरी झालं. ही बाई खोटं बोलली ती नाचक्कीच्या भीतीने. हा माणूस खोटं बोलला तो आईच्या भीतीने. आणि आज पुन्हा दोघं तिच्यापुढे पेन धरून उभे होते, घाईच्या भीतीने.

तिने हात धुतले. साबण लावून दोनदा धुतले, तरी बोटांना वास राहिला. टेबलावरचा कागद घेतला, आठव्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'वर हा वधूच्या सख्ख्या आत्याचा मुलगा आहे. आमच्या समाजात मामाच्या मुलीशी विवाहाची रूढी आहे.' रूढी शब्दापाशी पेन क्षणभर थांबलं. मग खाली सही केली.

"हे काय केलंस?" रमाकांत म्हणाला. "खाडाखोड चालत नाही."

"उद्या दुकानात स्वच्छ टाइप करते. आत्या, रूढी आहे याचं प्रतिज्ञापत्र तुझ्या नावाने करणार आहे. नोटरीला घरी आणते. अंगठा नाही, सही करायची. दुसरी सही तात्यांची घेते, गिरगावला जाऊन." तात्या म्हणजे आत्याचे दीर, नव्वदीला टेकलेले, पण आपल्या दोन्ही सुना मुलांच्या मामाच्याच मुली आहेत हे छातीठोकपणे सांगणारे.

"माझी सही?" आत्या म्हणाली. "आणि मी नाय केलंय तर?"

"तर नोटरीला सांगेन का नाही केलीस ते, मनूच्या डॉक्टरांपासून सगळं."

आत्याने हातातला रिमोट खाली ठेवला.

"आणि दाखला जूनमध्ये आला तर?" रमाकांतने विचारलं. "पूर्वीचं काय?"

लतिकाने गॅस लावला, कढई ठेवली. एजंटला तिने कालच फोन करून विचारलं होतं. बाळंतपणाला आई एकटी जात असेल तर मुलीचं निमंत्रणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला पुरतो. कुणाची बायको आहे ते विचारत नाहीत. हे तिने रात्रभर मनात ठेवलं होतं, वापरायची वेळ येऊ नये म्हणून.

"पूर्वीकडे मी एकटी जातेय," ती म्हणाली. "वीस एप्रिलला निघणार, जुलैत येणार. तुमचा अर्ज दाखला आल्यावर करा. आत्याच्या पायाला तेल सकाळी आणि झोपताना लावायचं, गोळ्या फ्रिजच्या दारात आहेत, कुठली कधी ते उद्यापासून शिकून घ्या. डबेवाली बाई लावायची तर मला विचारू नका, तुमचं तुम्ही ठरवा."